कपाळावरची निळी खूण

सप्टेंबर १९४८ च्या अखेरीस आमची वैद्यकीय तुकडी हिंगोलीला आली. निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं. जुन्या छावणीतली एक लांबट बराक आम्हाला मिळाली. छपराची कौलं फुटलेली होती. जवानांनी ती दोन दिवसांत बदलली, भिंतींना चुना दिला, आणि तिथे वीस खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं. बाहेर रिसेप्शनसाठी एक तंबू होता.

मी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. सगळे सिस्टर म्हणत. शाळा इंग्रजी माध्यमाची झाल्यामुळे माझं मराठी घरातल्या चार माणसांपुरतं होतं. मुळात मी कमी बोलते. लष्करात ते चालून जातं. तिथे रिपोर्ट द्यायचा असतो, मत नाही.

आमच्यावर एक कॅप्टनसाहेब होते, डॉक्टर. रोज दाढी करून, बूट चमकवून तंबूत येणारे. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली नर्सिंग ऑर्डर्ली म्हणजे शेख महबूब. हुद्दा नाईक, दोन फिती. गाव वाशीमकडचं. ब्रह्मदेशच्या लढाईत स्ट्रेचर उचललेला माणूस. पत्त्यांत हमखास लबाडी करायचा आणि पकडला गेला तर म्हणायचा, "तुमचं लक्ष नव्हतं, त्यात माझा काय कसूर?" केसांना सुगंधी तेल लावायचा. हॉस्पिटलात वास नको म्हणून मी दोनदा ताकीद दिली होती. तेवढ्यापुरतं बंद व्हायचं.

सकाळी मेपाक्रिन परेड असे. हिवतापाची ही गोळी कडू, आणि रोज घेतली की कातडी पिवळी पडते. जवान ती जिभेखाली दाबून ठेवत आणि बराकीमागे थुंकत. म्हणून नियम असा होता की गोळी हातात द्यायची नाही, तोंडात घालायची. वर पाणी पाजायचं आणि नाव, नंबर मोठ्याने म्हणायला लावायचं. जिभेखाली गोळी असली की नंबर अडखळतो.

रांगेत शिपाई ग्यानबा नेहमी शेवटी उभा राहायचा. पुसेगावचा पोरगा. महायुद्धाच्या दिवसांत वाशीमला जाऊन भरती झाला होता. आता नोकरी फिरून फिरून त्याला स्वतःच्या गावाशेजारी घेऊन आली होती.

"सिस्टर, आज सुट्टी द्या," तो एकदा म्हणाला. "आई पोरगी पाहून राहिली. असा पिवळा गेलो तर लोक म्हनतील पोराला कावीळ हाय."

"तोंड उघड," महबूब म्हणाला. "पोरगी पसंत पडली की तिलाच कावीळ व्हते. तू फिकीर करू नको."

रांग हसली. ग्यानबाने गोळी गिळली आणि नंबर सांगितला. सांगताना अडखळला नाही.

दुपारी मी ऑर्डर्लींचा वर्ग घेत असे. औषध देण्याची सुरुवातीची माहिती. बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायचं, फडताळातून काढताना, औषध ओतताना आणि बाटली परत ठेवताना. विषारी औषधाची बाटली निळी आणि खरबरीत असते, म्हणजे अंधारातही बोटांना कळावं. रोग्याला "तू अमुक ना?" असं विचारायचं नाही. "तुझं नाव काय?" असं विचारायचं, कारण तापातला माणूस कशालाही हो म्हणतो. हे सगळं मी खाली बघून सांगत असे. वर पाहिलं की वाक्य सुटायचं.

"सिस्टरची मराठी पुस्तकातली अन् औषधं बी पुस्तकातली," महबूब मागून म्हणायचा, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मॉर्फियाचा धडा मी दोनदा घेतला. मॉर्फिया वेदना थांबवतं. जास्त झालं तर श्वासही थांबवतं. आघाडीवर ते एका लहान ट्यूबमधून देतात, सुईसकट, टूथपेस्टची असते तशी. सुई कातडीखाली घालायची आणि ट्यूब पिळायची. पण औषध कातडीखाली गेलं म्हणजे शरीरात पोचलं असं नाही. जखमी माणूस रक्त गेल्याने थंड पडलेला असतो. कातडीकडचं रक्त जवळजवळ वाहत नाही, आणि औषध टोचलं तिथेच पडून राहतं. माणूस ओरडतच राहतो. बघणाऱ्याला वाटतं डोस कमी पडला. तो दुसरा देतो. पुढे माणसाला ऊब मिळते, रक्त फिरू लागतं, आणि पडून राहिलेलं सगळं औषध एकदम आत जातं.

म्हणून खुणा करायच्या. रिकामी ट्यूब त्याच्याच सुईने शर्टाच्या कॉलरला टोचायची. गुंडीला कार्ड बांधायचं. आणि कपाळावर ग्रीज पेन्सिलने इंग्रजी एम अक्षर काढून खाली वेळ लिहायची. डोस देणारा पुष्कळदा मागेच राहतो, पुढच्या जखमींपाशी. पुढे फक्त रोगी जातो. कार्ड हरवेल, शर्ट फाटेल, पण कपाळ रोग्याबरोबरच येतं.

पेन्सिल आधी लाल होती. आमच्याकडे एक जवान कपाळाला कुंकू लावून आला आणि तंबूत घोटाळा होता होता राहिला. त्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी हुकूम काढला की या भागात लाल रंग कपाळावर देवाचा असतो, तेव्हा पेन्सिल निळी वापरा. हुकूम योग्य होता. आजही मला तो योग्यच वाटतो.

नोव्हेंबरमध्ये पुसेगावच्या पलीकडे आमची एक चौकी होती, पडक्या चावडीत. गावोगावी लपवलेली हत्यारं आणि बंदुकीची दारू तिथे जमा होत असे. दहा-बारा जवान, एक वायरलेस सेट, आणि आमच्याकडून पाठवलेला महबूब. दिवाळी नुकतीच झाली होती. ग्यानबाही त्याच चौकीवर होता. गाव हाकेच्या अंतरावर, पण दिवाळीला रजा कुणालाच नव्हती. आई चौकीच्या तारेच्या कुंपणापर्यंत येऊन करंज्यांचा डबा देऊन गेली होती, असं मागून कळलं. आत येऊ दिलं नव्हतं तिला.

एके दिवशी सकाळी वायरलेसवरचा जवान पळत तंबूत आला. चौकीवर जुन्या दारूचं पिंप उचलताना स्फोट झाला होता. संदेश मी स्वतः ऐकायला गेले.

"तीन जखमी. एक गंभीर, दोन किरकोळ. गंभीर गाडीतून पाठवला. ओव्हर."

"समजलं. गंभीर कोण? ओव्हर."

"शिपाई ग्यानबा. दोन्ही पाय. ओव्हर."

आम्ही टेबल लावलं. प्लाझ्मा काढला, पाणी तापत ठेवलं. रबरी पिशव्या भरल्या, चार घोंगड्या चुलीजवळ टांगल्या. शॉकमधल्या माणसाला आधी ऊब द्यायची असते.

गाडी यायला हवी त्यापेक्षा उशिरा आली. मागच्या फळ्यांवर ग्यानबा होता, गोधडीत गुंडाळलेला. ओरडत होता. चेहरा राखेसारखा, हात बर्फासारखे. गुडघ्यांच्या खाली दोन्ही पायांना पट्ट्या होत्या, घट्ट आणि व्यवस्थित. त्या महबूबच्या आहेत हे गाठीवरून कळत होतं. पण अंगात लष्करी शर्ट नव्हता. पांढरा, धुतलेला, घरचा सदरा होता. चेहरा स्वच्छ पुसलेला. कपाळभर अंगारा.

"मॉर्फिया दिलंय?" कॅप्टनसाहेबांनी ड्रायव्हरला विचारलं.

"माहीत नाही साहेब. मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो. त्यांनी आणून ठेवला, मी निघालो."

"हा सदरा कुठला?"

ड्रायव्हर खाली बघू लागला. तो ग्यानबाच्याच प्लाटूनचा होता. "साहेब, वाटेत गाव लागलं त्याचं. आईला दाखव, आईला दाखव, म्हणत होता. रेडिएटरला पाणीही हवं होतं. मी विहिरीवर गेलो. परत येईपर्यंत आईनं कपडा बदलला होता."

"शर्ट?"

"राहिला तिकडेच."

म्हणजे ट्यूब गेली, कार्ड गेलं. कॅप्टनसाहेबांनी ओल्या बोळ्याने कपाळ पुसलं. राख निघाली. खाली कातडी होती, तेलकट, कोरी. त्यांनी बाहुल्या पाहिल्या. मॉर्फियाने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. या मोठ्या होत्या.

"तुझं नाव काय?" मी विचारलं. "सुई टोचली का तुला?"

"आई गं," तो म्हणाला. "आई गं. मारा मला."

"चौकीला विचारा," कॅप्टनसाहेब म्हणाले.

वायरलेसवाला बोलावत राहिला. पलीकडून उत्तर नाही. ऑपरेटर बाकीच्या दोघांना उचलायला गेला होता, हे नंतर कळलं. इकडे ग्यानबा टेबलावरून उसळत होता. पट्ट्यांतून पुन्हा रक्त येऊ लागलं. वेदनेनेही माणूस मरतो, शॉक वाढत जातो. कॅप्टनसाहेबांनी एकदा वायरलेसच्या दिशेला पाहिलं.

"खूण नाही, म्हणजे डोस नाही," ते म्हणाले. नियम तसाच होता. तो मीच शिकवत असे. त्यांनी मॉर्फिया दिलं.

मी घोंगड्या आणल्या. बगलांत, कुशीत गरम पिशव्या ठेवल्या. प्लाझ्मा सुरू झाला. हळूहळू तो शांत झाला. हातांत धग आली. नखांवर रंग आला. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, पाय हायेत का?"

"आहेत."

"मंग ठीक."

सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं. तेवढ्यात वायरलेसवाला आला. त्याने कागदावर उतरवून आणलं नव्हतं, तोंडानेच सांगितलं.

"नाईक महबूब म्हणतो, मॉर्फिया दिलंय. कपाळावर लिहिलंय."

कॅप्टनसाहेबांनी ताबडतोब ग्यानबाच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या लहान होत चालल्या होत्या.

"घोंगड्या काढा," ते म्हणाले. "कोरामिन टोचा. कॉफी. झोपू देऊ नका."

मी घोंगड्या काढल्या. पण दिलेली ऊब परत घेता येत नाही. रक्त फिरायला लागलं होतं. आम्ही त्याच्या गालांवर मारलं, हाका मारल्या, नंबर विचारला. पहिल्यांदा त्याने पूर्ण सांगितला. मग अर्धा. मग फक्त ओठ हलले. मिनिटाला चार श्वास झाले, मग तीन. कॅप्टनसाहेब त्याच्या छातीवर हात दाबून श्वास देत राहिले. ते थकले की दुसरा ऑर्डर्ली, मग मी, मग पुन्हा ते. त्यांचा कोट घामाने भिजला होता. दुपारचा चहा आला आणि तसाच थंड झाला. त्याच सुमारास कॅप्टनसाहेबांनी हात काढून घेतले.

पाय दोन्ही वाचले असते. नंतर पट्ट्या सोडल्यावर कळलं.

त्याचं अंग मी पुसलं. उजव्या भुवईच्या केसांत, अगदी मुळाशी, निळा कण होता. बोटाने घासला तर मेणासारखा पसरला. मी कॅप्टनसाहेबांना बोलावून दाखवला.

"शाई असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "नसेल." आणि बाहेर गेले.

संध्याकाळच्या आधी महबूब बाकीच्या दोन जखमींना घेऊन आला. गाडीतून उतरताच त्याने विचारलं, "ग्यानबा?"

मी मान हलवली.

"पाय तर बराबर बांधले होते मी."

"दुसरा डोस गेला. कपाळावर खूण नव्हती."

"होती." त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. तर्जनीला निळी पेन्सिल लागलेली होती. "या हातानं केली सिस्टर. चांगली ठसठशीत. तुमी म्हनता तशी, वेळ टाकून. कुनी पुसली?"

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन चालत आलं.

धुरपताबाई, ग्यानबाची आई, पुसेगावहून बैलगाडीने आली होती. निरोप घेऊन गेलेला जवान आणि ती वाटेत चुकले. तिला काही माहीत नव्हतं. हातात भाकरीचं फडकं होतं आणि धुऊन, घडी करून आणलेला लष्करी शर्ट.

"बाई, ह्यो त्याचा अंगरखा," ती मला म्हणाली. "रगतानं भरला व्हता. रगताच्या कापडात लेकराला कसं पाठवावं? सरकारी हाय, हरवला तर त्याला तकलीफ व्हईल म्हनून धुऊन आनला. ह्ये बी हाय बघा, काढलं न्हाई म्या."

कॉलरला रिकामी ट्यूब टोचलेली होती. गुंडीला कार्ड होतं. पाण्याने त्यावरची अक्षरं गेली होती. महबूब माझ्या मागे उभा होता.

"आन् कपाळ?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "कपाळ पुसलं का तुमी, मावशी?"

"व्हय तर. निळं काईबाई लिवलेलं व्हतं. कोन मेल्यानं लिवलं कुनाला ठावं." ती सांगताना जरा पुढे झुकली. "लेकराच्या कपाळावर पाचवीला सटवाई लिवून जाती. त्याच्यावर दुसऱ्यानं लिवू न्हाई, बाबा. आयुष्य खोडल्यावानी व्हतं. पान्यानं निघंना. मंग गोडं तेल लावून काढलं, आन् औंढ्याच्या देवाचा अंगारा लावला. तवा कुठं जिवाला बरं वाटलं."

लाल असतं तर कुंकू समजून तिने कदाचित राहू दिलं असतं. हा विचार मला तेव्हाच आला. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

महबूबने तिच्या हातातला शर्ट घेतला. "बसा मावशी," तो म्हणाला. "पानी घ्या."

मग मी तिला सांगितलं. माझ्या पुस्तकी मराठीत सांगितलं, कारण दुसरी माझ्याकडे नव्हती. ती रडली नाही. भाकरीचं फडकं तिने सोडलं आणि पुन्हा बांधलं.

"मंग इथवर आला कसा?" तिने विचारलं. "एवढी वाट चालून आला ना जिता? बोलला ना तुमच्यासंगं?"

"बोलला."

"अंगाऱ्यानं आला बाई. अंगारा लावला म्हनून तेवढा तरी आला. न्हाई का?"

"हो," मी म्हणाले.

"व्हय मावशी," महबूब म्हणाला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी त्याच आठवड्यात बसलं. बाहेरून एक मेजर आले होते, अध्यक्ष म्हणून. बराकीच्या टोकाला टेबल, तीन खुर्च्या. कॅप्टनसाहेबांनी घडलं तसं सांगितलं: खूण दिसली नाही, बाहुल्या मोठ्या होत्या, उत्तर आलं नाही. एकही शब्द त्यांनी स्वतःच्या बाजूने वळवला नाही. माझी साक्ष झाली. मी भुवईतला निळा कण सांगितला. धुतलेला शर्ट सांगितला.

"ट्यूबवरून डोस दिल्याचं दिसतं. ते कुणी नाकारत नाही," मेजर म्हणाले. "प्रश्न कपाळाचा आहे. खूण केली होती, तर ती पुसली कुणी?"

माझ्या मागे महबूब उभा होता. मी मेजरच्या टोपीवरच्या बिल्ल्याकडे बघत बोलले. "आईने, सर. तिला ती अशुभ वाटली."

"मग आईला साक्षीला बोलवा. तिने इथे सांगितलं पाहिजे की तिने काय पुसलं, आणि त्याचा परिणाम काय झाला हे तिला समजावलं पाहिजे. नोंदीसाठी."

"गरज नाही साहेब," महबूब म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"खूण मी केलीच नव्हती. गडबडीत राहिली."

"वायरलेसवर तू केली म्हणालास."

"घाबरून बोललो साहेब."

"आणि सिस्टरने पाहिलेला निळा रंग?"

"सिस्टर भल्या आहेत साहेब."

मी उभी राहिले. "सर, त्याच्या बोटाला—"

"बसा, लेफ्टनंट. माणूस स्वतः कबूल करतो आहे."

मी बसले. मेजरनी लिहून घेतलं. कॅप्टनसाहेब खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवसानंतर ते आणि मी या विषयावर कधीच बोललो नाही.

महबूबच्या दोन्ही फिती गेल्या. हलगर्जी आणि खोटा संदेश. छावणीत त्याच्याबद्दल आधीपासून कुजबुज होती, ती आता मोठ्याने होऊ लागली. तो हिवाळा तसा होता. माणसाचं नाव ऐकलं की लोकांना पुढचं सगळं माहीत असल्यासारखं वाटे. मेसमध्ये कुणीतरी म्हणालं, "मुद्दामच केलं असेल." म्हणणारा जवान त्याच महिन्यात महबूबच्याच हातून हिवतापाचं इंजेक्शन घेऊन बरा झाला होता.

मी त्याला औषधांच्या कोठीत गाठलं. तो बाटल्या पुसत होता, लेबलं बाहेर करून लावत होता. दंडावर, बाहीवर, फिती उसवलेल्या जागी कापड गडद दिसत होतं.

"काहून केलंस?" मी विचारलं. 'का'साठी त्याच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून गेला.

"अरे वा. सिस्टरला बोलता येऊन राहिलं."

"महबूब."

"सांगून काय झालं असतं? माझ्या फिती राहिल्या असत्या. अन् त्या बाईला कळलं असतं की पोरगं तिच्या तेलाच्या बोटानं मेलं." त्याने बाटली उजेडात धरली. "साहेबांना नोंद पायजे होती. घेतली त्यांनी."

"खरं सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं."

तो पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघत राहिला. त्या बघण्यात माया नव्हती.

"कोनं मानलं असतं, सिस्टर? ती म्हनली असती, मी न्हाई पुसलं. किंवा पुसलं, पन तिथं काय व्हतं मला काय ठावं. मग मेसमधले म्हनले असते, बघा, आता मेलेल्याच्या आईवर ढकलतो. तुमी शाळेत शिकल्या, खरं बोललं की काम होते. आमच्याकडं आधी पाहतात कोन बोलून राहिलं."

मी फडकं घेऊन पुढची बाटली पुसायला लागले.

महिनाअखेरीस त्याची बदली उत्तरेकडे झाली, काश्मीरच्या आघाडीवर. निघताना तो शिपायाच्या साध्या बाहीत तंबूत आला. केसांना भरपूर तेल लावलं होतं.

"वास येतोय," मी म्हणाले.

"आता काय, फिती तर गेल्या. अजून काय काढाल?" मग त्याने टेबलावरची निळी ग्रीज पेन्सिल उचलली. "ही घेऊन जातो. तिकडं साल्यांकडं लाल पेन्सिलच असते."

सॅल्यूट करून तो गेला. तो सॅल्यूट नियमाप्रमाणे होता. कमी नाही, जास्त नाही.

पुढे माझी बदली पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलात झाली. तिथे काश्मीरहून जखमी येत. एका वॉर्डात साताऱ्याकडचा एक जवान होता, खांद्यात गोळी लागलेला. त्याच्या कपाळावर, हेअरलाइनच्या खाली, फिकट निळी खूण अजून दिसत होती. तोवर पुष्कळ दिवस झाले होते. बर्फात, ट्रेनमध्ये, दोन हॉस्पिटलांत तिला कुणी हात लावला नव्हता.

"ही अजून कशी?" मी विचारलं.

"पुसू दिली न्हाई सिस्टर. तिथल्या नर्सबाई पुसत होत्या, म्या हात धरला त्यांचा."

"का?"

"ज्यानं काढली त्यानं सांगितलं व्हतं. आमचा ऑर्डर्ली. बर्फात पडून होतो, त्यानं सुई दिली, ही खूण केली, अन् म्हनला, पुसू देऊ नको. तुझी आई आली तरी पुसू देऊ नको." त्याने कपाळावरची खूण चाचपली. "लई चिडून म्हनला. मी म्हनलं, इथं कुठली आई येती? तर म्हनला, येती. आई कुठंबी येती. मग तो दुसऱ्याकडं सरकला, तवा त्याला गोळी लागली. गळ्यात."

"नाव माहीत आहे त्याचं?"

"महबूब म्हनत सगळे. शिपाईच व्हता. पन हात मात्र नाईकाचा."

त्याचं ड्रेसिंग बदलायचं होतं. मी बदललं. मग गोडं तेल मागवलं, आणि ती खूण मी स्वतः पुसली, कारण आता तिची गरज नव्हती. त्याने आधी माझा हात धरला. मी थांबले. मग त्याने सोडला.

लष्कराच्या त्या वर्षीच्या मृतांच्या यादीत दोन नावं शेजारी शेजारी येत नाहीत. एक हिंगोलीत गेला, दुसरा बर्फात. कागदावर एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे झाला अशी नोंद आहे, आणि ती कुणी दुरुस्त केलेली नाही. म्हणून इथे ती मी माझ्या हाताने शेजारी लिहिते.

शिपाई ग्यानबा, राहणार पुसेगाव. पाय शाबूत होते.

नाईक शेख महबूब, वाशीमकडचा. खूण केली होती.